राजे एकमेकांचे सोयरे होते तरी १९१४ ला लढाई कामून झाली?

गोदाकाठचा_मास्तर (परभणी)

नमस्कार मंडळी. मी परभणीला ज्युनिअर कॉलेजवर इतिहास शिकवतो. पहिलं महायुद्ध शिकवायला घेतलं की वर्गातून हटकून एक प्रश्न येतो, सर, इंग्लंडचा पाचवा जॉर्ज, जर्मनीचा कैसर विल्हेल्म आणि रशियाचा झार निकोलस हे जर भाऊभाऊ होते तर एकमेकांवर फौजा कशा काय घातल्या? नातं मला पाठ आहे. जॉर्जची आई अलेक्झांड्रा आणि निकोलसची आई डॅगमार ह्या डेन्मार्कच्या सख्ख्या बहिणी, म्हणजे हे दोघं मावसभाऊ (आणि दिसायला इतके सारखे की फोटोत शेजारी उभे असले तर कोणता कोण ते पटकन कळत नाही). विल्हेल्मची आई विकी ही जॉर्जच्या बापाची थोरली बहीण, म्हणजे तो जॉर्जचा आतेभाऊ. निकोलसची बायको ॲलिक्स ही विल्हेल्मची मावसबहीण. आणि व्हिक्टोरिया राणी ही जॉर्ज, विल्हेल्म आणि ॲलिक्स तिघांची आजी, कुणाची बापाकडून कुणाची आईकडून.

इथपर्यंत फळ्यावर झाड काढून सांगता येतं. पण पुढचं मला नीट मांडायचंय. ज्यांनी ह्या सोयरिकी जुळवल्या त्यांना खरंच वाटत होतं का की पोरगी दिली की लढाई टळते? आणि ज्या पोरी दिल्या त्यांचं पुढं काय झालं? पुस्तकात "वैवाहिक संबंधांतून मैत्री" एवढ्या एका ओळीत सगळं संपतं आणि वर्गात मुलीच जास्त विचारायलेत की सर त्या पोरींना कुणी विचारलं होतं का. तर ज्यांनी ह्यावर वाचलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा, घाई नाही.

बालाघाटावरून (बीड)

सर, १९१४ पासून सुरू करूच नका. त्याच्या पन्नास वर्षं आधीच ह्या सोयऱ्यांत दोनदा लढाई होऊन गेली होती, ती आधी सांगा, मग १९१४ चं पोरांना नवल वाटणार नाही.

पहिली १८६४ ची. व्हिक्टोरियाची थोरली पोरगी विकी प्रशियात (जर्मन संस्थानांतलं सगळ्यात मोठं राज्य) दिलेली, १८५८ ला. आणि थोरला पोरगा बर्टी (म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड) ह्याला सून आणली डेन्मार्कची, अलेक्झांड्रा, १८६३ च्या मार्चमध्ये. विशेष म्हणजे ही सून शोधून दिली विकीनंच. लग्नाला वर्ष व्हायच्या आत प्रशिया आणि ऑस्ट्रिया मिळून डेन्मार्कवर चालून गेले, श्लेस्विग-होल्स्टाईनच्या जमिनीसाठी. आता घरातली अवस्था बघा, जावई फ्रिट्झ प्रशियाच्या फौजेसोबत आघाडीवर, सुनेचा बाप नववा ख्रिश्चन समोरच्या बाजूचा राजा, आणि सून त्याच जानेवारीत दोन महिने आधीच बाळंत झालेली. राणीनं घरात बजावून सांगितलं की श्लेस्विग-होल्स्टाईनचा विषय काढायचा नाही. डेन्मार्क हरला, जमीन गेली आणि अलेक्झांड्रानं प्रशियाचा जो राग धरला तो मरेपर्यंत सोडला नाही. जॉर्जला प्रशियाच्या एका पलटणीचं मानाचं कर्नलपद मिळालं तेव्हा सुद्धा ती पोटच्या पोरावर चिडली होती. म्हणजे सोयरीक मैत्रीसाठी केली आणि त्या सोयरिकीच्या रस्त्यानं प्रशियाचं वैर इंग्लंडच्या राजवाड्यात राहायला आलं, हे माझ्या मते ह्या सगळ्या विषयाचं मर्म आहे.

दुसरी लढाई १८६६ ची, प्रशिया विरुद्ध ऑस्ट्रिया. ह्यात तर सख्ख्या बहिणी समोरासमोर. विकीचा नवरा प्रशियाचा सेनापती. धाकटी ॲलिस हेसला दिलेली, डार्मस्टाटला, आणि हेस ऑस्ट्रियाच्या बाजूनं उतरलं, तिचा नवरा लुडविग त्या फौजेत. ॲलिसचे दिवस भरलेले, दोन्ही लेकरं तिनं इंग्लंडला आईकडं पाठवून दिली, आणि लढाई चालू असतानाच जुलैत तिसरी पोरगी झाली. तिचं नाव आयरीन ठेवलं, ग्रीकमध्ये शांतता. त्याच जूनमध्ये तिकडं विकीचं पावणेदोन वर्षांचं लेकरू, सिगिस्मुंड, मेंदूच्या तापानं गेलं, नवरा मोर्चावर होता.

आता विकीबद्दल जरा जास्त लिहितो कारण तुमच्या मुली जे विचारायलेत त्याचं उत्तर हिच्या जन्मात आहे. तिचा बाप अल्बर्ट ह्यानं हे लग्न फार विचार करून जुळवलं होतं. त्याला वाटायचं की जर्मन संस्थानं एक होतील, त्यांचं नेतृत्व प्रशिया करेल, आणि प्रशियाच्या भावी राजाची बायको जर इंग्लंडमध्ये वाढलेली, पार्लमेंट समजणारी पोरगी असली तर तो देश उदार होईल. विचार वाईट नव्हता सर. १८५५ ला बालमोरलला बोलणं पक्कं झालं तेव्हा विकी १४ ची, फ्रिट्झ २३ चा, पण दोघांचा एकमेकांवर जीव होता आणि तो शेवटपर्यंत राहिला हे सुद्धा पोरांना सांगा. लग्न कुठं करायचं ह्यावर मात्र ताणाताणी झाली, प्रशियावाले म्हणायचे आमच्या वारसाचं लग्न बर्लिनलाच व्हायला पाहिजे, राणी म्हणाली इंग्लंडच्या राणीची थोरली लेक काही रोज उजवत नाही, लग्न इथंच होईल. झालं लंडनलाच, २५ जानेवारी १८५८. पार्लमेंटनं ४०,००० पौंड हुंडा मंजूर केला आणि वर्षाला ८,००० वेगळे.

आणि तिकडं गेल्यावर पोरगी जन्मभर "ती इंग्लंडवाली" राहिली. पहिल्या बाळंतपणात बाळ पायाळू होतं, ओढून काढताना त्याचा डावा हात कायमचा अधू झाला, तो म्हणजे कैसर विल्हेल्म. १८६२ ला बिस्मार्क प्रशियाचा पंतप्रधान म्हणून आला, त्यानं हिला परकी ठरवून बाजूला सारलं, थोरल्या पोरांवर आजोबांच्या दरबाराचा पगडा बसला आणि विल्हेल्म आईच्याच विरोधात वाढला. नवऱ्याला गादी मिळाली १८८८ च्या मार्चमध्ये, तेव्हा घशाच्या कॅन्सरनं त्याचा आवाज गेलेला होता. ९९ दिवस राज्य केलं. तो गेला त्या दिवशी पोरानं सैनिक लावून राजवाडा वेढला आणि बापाचे कागद शोधायला लावले. कागद आधीच इंग्लंडला पोचवलेले होते. तीस वर्षं थांबून अल्बर्टच्या योजनेला ९९ दिवस मिळाले. सोयरीक लढाई थांबवू शकली नाही ह्याचं एक कारण इतकं साधं आहे, सगळा डाव एका माणसाच्या तब्येतीवर लावला होता.

लातूरची_लेक

बालाघाट दादांनी विकीचं छान लिहिलंय, मी बाकीच्या घरातल्या बायकांचं लिहिते कारण मला वाचताना सगळ्यात जास्त त्याच लक्षात राहिल्यात.

ॲलिसचं लग्न १ जुलै १८६२ ला झालं, बाप जाऊन सात महिने झालेले (अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ ला गेला) आणि आई अजून दुखवट्यात, तर लग्न ऑसबोर्नच्या वाड्यात जेवणाच्या खोलीत उरकलं, राणीनं स्वतःच लिहून ठेवलंय की हे लग्नापेक्षा मयतीसारखं वाटलं. बापाची शेवटची सेवा ह्याच पोरीनं केली होती. डार्मस्टाटला पैशाची ओढाताण होती तरी तिनं दवाखान्यांसाठी आणि नर्स शिकवण्यासाठी काम केलं. १८७८ ला घरात घटसर्प आला, एक एक करून लेकरं पडली, धाकटी चार वर्षांची मे गेली, आणि लेकरांचं करता करता ॲलिसला लागण झाली. ती गेली तो दिवस पण १४ डिसेंबर, बापाच्या तारखेला, वय ३५. तिचीच सहा वर्षांची पोरगी ॲलिक्स, जी पुढं रशियाची झारीना झाली. आईविना वाढलेली ती पोर, आजीनं लक्ष घालून वाढवली, म्हणून ती इंग्रजीतच विचार करायची आणि नवऱ्याला पत्रं पण इंग्रजीत लिहायची. रशियात जाऊन तिला धर्म बदलावा लागला, नाव बदलावं लागलं, अलेक्झांड्रा फ्योदोरोव्हना झाली. धर्म सोडायचा ह्या विचारानं तिनं निकोलसला आधी नाही म्हटलं होतं, रडून रडून मग १८९४ च्या एप्रिलमध्ये कोबर्गला हो म्हणाली. सासरा नोव्हेंबरात वारला आणि अंत्यविधीनंतर आठवड्यानंच हिचं लग्न लावलं. लोकांनी नव्या सुनेला पहिल्यांदा पाहिलं ते काळ्या कपड्यात, शवपेटीच्या मागं.

तिची सासू डॅगमार, तिची गोष्ट तर अजून वेगळी. हिचं आधी ठरलं होतं रशियाच्या थोरल्या राजपुत्राशी, त्याचंही नाव निकोलस. तो १८६५ ला फ्रान्समध्ये नीसला वारला, ही शेवटी पोचली होती. मग दीड वर्षानं त्याच्या धाकट्या भावाशी, अलेक्झांडरशी, हिचं लग्न लावलं. इंग्लंडमध्ये मेरी ऑफ टेकचं तंतोतंत असंच, डिसेंबर १८९१ ला बर्टीच्या थोरल्या पोराशी, एडीशी ठरलं, जानेवारीत तो इन्फ्लुएंझानं गेला, १८९३ ला त्याचा भाऊ जॉर्ज ह्याच्याशी लग्न. दोन्ही संसार चांगले झाले हे खरं आहे. पण सर तुमच्या मुली विचारायलेत ना की त्यांना कुणी विचारलं होतं का, तर इथं बघा, पोरगी घराण्यासाठी पसंत केलेली होती, त्यात नवरदेव बदलला तरी पसंती कायम राहिली.

व्हिएन्नाला तर मावशीच सासू होती. ऑस्ट्रियाचा बादशहा फ्रान्झ जोसेफ आणि एलिझाबेथ (सिसी) हे सख्खे मावसभावंड. १८५३ च्या ऑगस्टमध्ये बाड इश्लला बघायला आणली होती थोरली बहीण हेलेन, त्यानं पसंत केली १५ वर्षांची धाकटी जी नुसती सोबत आली होती. पुढच्या एप्रिलला लग्न. पहिली पोरगी झाली तिचं नाव सासूनं स्वतःचंच ठेवलं, सोफी, आईला न विचारता, आणि लेकरांच्या खोल्या सासूच्या दालनाशेजारी. १८५७ ला सिसी हट्टानं दोन्ही पोरींना घेऊन हंगेरीला गेली, दोघी आजारी पडल्या आणि सोफी दोन वर्षांची गेली. त्यानंतर तिनं लेकरांवरचा हक्कच सोडून दिल्यासारखं केलं. पोरगा रुडॉल्फ १८८९ ला मेयरलिंगला स्वतःला गोळी घालून गेला, सोबत १७ वर्षांची मेरी व्हेत्सेरा. सिसीला १८९८ ला जिनेव्हात एका अराजकवाद्यानं भोसकलं. तिच्या सौंदर्याचे फोटो सगळे शेअर करतात, ती जन्मभर घर सोडून का फिरत राहिली ते कुणी लिहीत नाही म्हणून इथं लिहिलं.

आणि शेवटची बिअट्रिस, व्हिक्टोरियाची धाकटी. राणीला ही पोरगी म्हातारपणची सोबत म्हणून घरातच ठेवायची होती. १८८४ ला बिअट्रिसनं सांगितलं की मला हेन्री बॅटनबर्गशी लग्न करायचंय, तर आई सात महिने पोरीशी बोलली नाही, एका छताखाली राहून चिठ्ठ्या पाठवायची. शेवटी मान्य केलं ते घरजावई होण्याच्या अटीवर. १८८५ ला लग्न झालं, दहा वर्षं तो राहिला, मग कंटाळून आफ्रिकेतल्या अशांती नावाच्या राज्यावरच्या मोहिमेवर जातो म्हणाला आणि १८९६ ला मलेरियानं वाटेतच गेला.

हिंगोली_कयाधू

लई भारी माहिती. आमच्या घरी दोन राणीछाप कलदार आहेत पणजीच्या माळेतले, लहानपणापासून तो चेहरा बघतोय पण त्या बाईच्या घरात एवढं सगळं चाललं असंल असं कधी डोक्यात आलं नाही.

एक विचारायचंय. रशियाच्या राजपुत्राला रक्त न थांबायचा आजार होता तो ह्या जवळच्या नात्यातल्या लग्नांमुळंच झाला ना? व्हिक्टोरियाचं पण मामाच्या पोराशीच झालं होतं असं ऐकलंय. आमच्याकडं पण मामाची पोरगी करतात म्हणून विचारतोय, घरात सध्या हाच विषय चालू आहे.

नांदेड_पॅथॉलॉजी

हिंगोली भाऊ, मी रक्ताच्या लॅबमध्ये काम करतो, त्यामुळं ह्याचं उत्तर नीट द्यावं वाटतं, कारण हा गैरसमज खूप जणांचा आहे.

व्हिक्टोरिया-अल्बर्टचं नातं तुम्ही ऐकलं ते बरोबर. व्हिक्टोरियाची आई आणि अल्बर्टचा बाप सख्खे बहीणभाऊ, म्हणजे तिच्याकडून मामाचा पोरगा, त्याच्याकडून आत्याची पोरगी. पण हिमोफिलिया (तोच रक्त न थांबायचा आजार) नात्यातल्या लग्नामुळं आलेला नाही. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. बाईकडं एक्स दोन, त्यामुळं एक बिघडलेला असला तरी दुसरा काम भागवतो, तिला सहसा त्रास होत नाही पण ती वाहक असते. पुरुषाकडं एक्स एकच, आणि तो आईकडूनच येतो. म्हणून वाहक आईच्या प्रत्येक पोराला आजार व्हायची शक्यता निम्मी आणि प्रत्येक पोरगी वाहक असण्याची शक्यता निम्मी. इथं नवरा नात्यातला आहे की सातासमुद्रापलीकडचा ह्यानं पोराच्या आजारात काही फरक पडत नाही. अल्बर्टला आजार नव्हता. व्हिक्टोरियाच्या आधीच्या पिढ्यांत पण तो दिसत नाही, म्हणून दोष बहुतेक तिच्यातच किंवा तिच्या बापाच्या बीजात नव्यानं तयार झाला असं मानतात.

तिच्या चार पोरांत फक्त लिओपोल्डला आजार आला, तो १८८४ ला फ्रान्समधल्या कान ह्या गावी पडल्याचं निमित्त होऊन ३० व्या वर्षी गेला. ॲलिस आणि बिअट्रिस वाहक होत्या. ॲलिसचा फ्रिटी अडीच वर्षांचा, १८७३ ला खिडकीतून पडून रक्तस्राव होऊन गेला. ॲलिसच्या दोन पोरींनी तो पुढं नेला, आयरीननं प्रशियात (हिचं लग्न मावसभावाशी, विल्हेल्मच्या भावाशी, तीनपैकी दोन पोरं आजारी) आणि ॲलिक्सनं रशियात. बिअट्रिसच्या पोरीनं, एना, स्पेनमध्ये नेला १९०६ ला. ॲलिक्स आणि निकोलसचं एवढं जवळचं नातं नव्हतं तरी त्यांच्या पोराला, अलेक्सीला आजार आलाच, यावरून समजून घ्या. २००९ ला त्या घराण्याच्या हाडांवर डीएनए तपासणी झाली तेव्हा कळलं की तो हिमोफिलिया बी होता, म्हणजे फॅक्टर नऊ ह्या रक्त गोठवणाऱ्या घटकाची कमतरता. सातवा एडवर्ड निरोगी होता म्हणून इंग्लंडच्या आजच्या राजघराण्यात तो त्याच्याकडून आला नाही.

पण नात्यात लग्न करावं की नाही हा वेगळा विषय आहे भाऊ. थॅलेसेमियासारखे जे आजार आईबाप दोघांकडून दोष आला तरच होतात, त्यात नात्यातल्या लग्नानं धोका नक्की वाढतो. घरात विषय चालू असंल तर लग्नाआधी दोघांची थॅलेसेमियाची रक्ततपासणी करून घ्या, साधी तपासणी आहे, सरकारी दवाखान्यात विचारा.

हिंगोली_कयाधू

धन्यवाद सर, घरी हे वाचून दाखवतो. तपासणीचं आजच काढतो विषय.

औरंगपुऱ्यातून (छत्रपती संभाजीनगर)

मला इथं थोडं वेगळं वाटतं. वरच्या सगळ्यांनी गृहीत धरलंय की ह्या सोयरिकी शांततेसाठी होत्या. अल्बर्टनं विकीच्या बाबतीत तसा विचार केला असंल, पण बहुतेक लग्नं ही तीन गोष्टींसाठी व्हायची, वारस, धर्म आणि बरोबरीचं घराणं. शांतता मिळाली तर वरकड.

वारसाचं बघा. तिसऱ्या जॉर्जला १५ लेकरं, १८१७ ला त्यातली १२ जिवंत, आणि कायदेशीर नातवंड एकच, शार्लट. ती त्या नोव्हेंबरात बाळंतपणात गेली, बाळ पण मेलेलं. एका रात्रीत गादीला पुढची पिढीच उरली नाही. मग राजाच्या पन्नाशीतल्या पोरांची लगबग सुरू झाली, १८१८ ला क्यूच्या वाड्यात एकाच दिवशी दोन भावांची लग्नं, त्यातल्या ड्यूक ऑफ केंटची पोरगी व्हिक्टोरिया, जन्म २४ मे १८१९. आणि शार्लटचा विधुर नवरा लिओपोल्ड, जो व्हिक्टोरियाचा सख्खा मामा, त्यानंच पुढं पुतण्या अल्बर्ट आणि भाची व्हिक्टोरिया ह्यांचं जुळवायचा घाट घातला. तो स्वतः १८३१ ला बेल्जियमचा पहिला राजा झाला, दुसरा पुतण्या पोर्तुगालच्या राणीचा नवरा झाला. कोबर्ग म्हणजे केवढंसं संस्थान, पण लग्नांच्या जोरावर अर्ध्या युरोपात पोचलं. ह्यात शांततेचा संबंध नाही, घराणं वर काढायचं होतं.

धर्माचं म्हणाल तर १७०१ च्या कायद्यानं कॅथलिकाशी लग्न केलं की इंग्लंडच्या गादीवरचा हक्क जायचा, म्हणून फ्रान्स, ऑस्ट्रिया, स्पेन, इटलीची सगळी स्थळं आपोआप बाद. शिवाय १७७२ च्या कायद्यानं राजाची परवानगी लागायची. उरायची ती जर्मन प्रोटेस्टंट संस्थानं आणि डेन्मार्क. सगळे एकमेकांचे नातेवाईक निघतात ते ह्यामुळं, स्थळंच मोजकी होती. १८७१ ला व्हिक्टोरियाच्या पोरीनं, लुईसनं मार्क्विस ऑफ लॉर्न ह्या साध्या सरदाराशी लग्न केलं तर केवढी चर्चा झाली, राजाच्या पोरीनं राजाच्या प्रजेतला नवरा उघडपणे करायची ती १५१५ नंतरची पहिलीच वेळ.

आणि बरोबरीचं घराणं हा मुद्दा तर १९१४ ला थेट जाऊन भिडतो. ऑस्ट्रियाचा वारस फ्रान्झ फर्डिनांड ह्यानं सोफी शोटेकशी लग्न केलं, ती सरदार घराण्यातली पण राजघराण्याच्या यादीत न बसणारी. २८ जून १९०० ला त्याला शपथ घ्यावी लागली की हिच्या लेकरांना गादी मिळणार नाही. दरबारात तिला सगळ्यात शेवटी चालावं लागायचं, नवऱ्याच्या शेजारी बसता यायचं नाही. सारायेव्होला तो लष्करी अधिकारी म्हणून गेला होता, तिथं ती शेजारी बसू शकली, एकाच गाडीत. तिथंच दोघांना गोळ्या घातल्या. तारीख २८ जून १९१४.

ही रीत आपल्या मुलखाला पण परकी नाही बरं का. आपण ज्या निजामाच्या राज्यात होतो त्या उस्मान अली खानानं १९३१ ला आपल्या दोन्ही पोरांची लग्नं नीसला लावली, तुर्कस्तानच्या पदच्युत खलिफाची पोरगी दुर्रुशेहवार आणि त्याच घराण्यातली निलोफर. पैसा हैदराबादचा आणि मान उस्मानी घराण्याचा.

गोदाकाठचा_मास्तर (परभणी)

सगळ्यांचे मनापासून आभार, मी छापून काढून स्टाफरूममध्ये ठेवणार आहे. औरंगपुरा साहेब, तुमचं स्थळं मोजकी असण्याचं मला फार पटलं, पोरांना ते लगेच कळेल.

दोन शंका राहिल्या. एक म्हणजे ह्या सोयरिकींनी कुठंच भांडण मिटलं नाही का? आणि दुसरी, ऑस्ट्रिया आणि सर्बिया ह्या झाडात कुठं बसतात? कारण लढाई तर त्यांच्यात सुरू झाली.

बालाघाटावरून (बीड)

सर, पहिल्याचं उत्तर आहे, आणि ते शिकवण्यासारखं आहे. २४ मे १९१३, बर्लिन. कैसरची एकुलती एक पोरगी व्हिक्टोरिया लुईस, नवरा हॅनोव्हरचा अर्न्स्ट ऑगस्ट. १८६६ ला प्रशियानं हॅनोव्हरचं राज्य गिळलं होतं, तेव्हापासून दोन घराण्यांत वैर, ते ह्या लग्नानं मिटलं आणि नवरदेवाला ब्रन्सविकची गादी मिळाली. नवरदेवाची आई थायरा ही अलेक्झांड्रा आणि डॅगमारची सगळ्यात धाकटी बहीण, म्हणजे तो जॉर्जचा पण मावसभाऊ आणि निकोलसचा पण. दोघं लग्नाला आले. तिघं सम्राट एका मांडवात आले ते तेव्हाच, सव्वा वर्षात लढाई. घराण्यांचं भांडण लग्नानं मिटलं कारण ते घराण्यांचं होतं. देशांचं भांडण आरमाराचं, रेल्वेचं, वसाहतींचं, करारांचं होतं, आणि त्याचे निर्णय तोवर मंत्रिमंडळाच्या आणि सेनापतींच्या हातात गेले होते. जॉर्जला तर स्वतःच्या मर्जीनं लढाई पुकारायचा किंवा थांबवायचा अधिकारच उरला नव्हता. विल्हेल्म आणि निकोलस २९ जुलै ते १ ऑगस्ट १९१४ एकमेकांना इंग्रजीत तारा करत होते, खाली सही विली आणि निकी, आणि त्याच वेळी दोघांचे सेनापती फौजा हलवायचे कागद सहीला आणत होते.

अजून एक. रशियानं १८९४ ला पक्का करार केला तो फ्रान्सशी, जिथं १८७० पासून राजाच नव्हता. सोयरीक शून्य, तरी तो करार टिकला. हे उदाहरण नक्की द्या.

आणि १९१७ चं पण सांगा. निकोलसनं गादी सोडल्यावर इंग्लंडच्या सरकारनं त्याला आसरा द्यायची तयारी दाखवली होती, जॉर्जनंच लोक काय म्हणतील ह्या भीतीनं ती मागं घ्यायला लावली. त्याच वर्षी १७ जुलैला त्यानं घराण्याचं जर्मन नाव टाकून विंडसर केलं. बरोबर एक वर्षानं, १७ जुलै १९१८ ला, येकातेरिनबर्गला निकोलस, ॲलिक्स आणि पाचही लेकरं मारली. १९१९ ला मात्र जॉर्जनं मार्लबरो हे लढाऊ जहाज क्रिमियाला पाठवून मावशीला, डॅगमारला, सोडवून आणलं.

औरंगपुऱ्यातून (छत्रपती संभाजीनगर)

दुसऱ्या शंकेचं मी सांगतो सर. व्हिक्टोरियाच्या झाडात हाब्सबर्ग (ऑस्ट्रियाचं राजघराणं) जवळजवळ नाहीतच, कारण ते कट्टर कॅथलिक आणि १७०१ चा कायदा आडवा. त्यांचा कोबर्गांशी संबंध आला तो बेल्जियमच्या कॅथलिक शाखेतून, लिओपोल्डची पोरगी शार्लट फ्रान्झ जोसेफच्या भावाला, मॅक्सिमिलियनला दिली १८५७ ला, त्याला मेक्सिकोचा बादशहा केलं आणि १८६७ ला तिथं गोळ्या घातल्या, ती पुढं साठ वर्षं भ्रमिष्ट अवस्थेत जगली. नंतर नात स्टेफनी रुडॉल्फला दिली, तिचं काय झालं ते लातूरच्या ताईंच्या पोस्टवरून कळतंच.

सर्बियाचा पीटर राजा पार दुसऱ्या झाडातला. त्याची बायको झोर्का ही माँटेनेग्रोच्या निकोलाची पोरगी, आणि ह्या निकोलानं पण आपल्या पोरी फार लांब लांब दिल्या, दोन रशियाच्या ग्रँड ड्यूकांना, एक, एलेना, इटलीच्या राजपुत्राला (पुढचा राजा) १८९६ ला. म्हणजे सर्बियाचे लागेबांधे सेंट पीटर्सबर्गला आणि रोमला होते, व्हिएन्नाला नव्हते. व्हिएन्ना आणि बेलग्रेड ह्यांच्यात एकही सोयरीक नव्हती आणि १९१४ ची पहिली लढाई तिथं पेटली. फळ्यावर दोन्ही झाडं शेजारी काढा, आणि मधल्या रिकाम्या जागेत सारायेव्हो लिहा.

लातूरची_लेक

सर झाड काढताना एक करा, नेहमी राजांची नावं चौकटीत आणि बायकांची नुसती रेघ असते, तसं नका काढू. विकी, ॲलिस, अलेक्झांड्रा, डॅगमार, थायरा ही नावं मोठी लिहा. सगळं झाड त्यांच्यातूनच जोडलेलं आहे, त्या पुसल्या तर नुसते सुटे सुटे राजे उरतात.